एक जुलै

आमच्या शाळेत सगळ्यांचा वाढदिवस एकच.

दाखल-खारीजचं रजिस्टर काढा कुठलंही,
कापडी पाठीचं, कडा वाळवीनं खाल्लेल्या,
आणि जन्मतारखेच्या रकान्यावरून बोट खाली न्या:
यशवंत शितोळे, एक जुलै.
रामसेवक कुशवाह, एक जुलै.
शकीला, वडील नूर मोहम्मद, धंदा जिल्दसाजी, एक जुलै.
त्याखाली नुसतीच टिंबं, दोन-दोन,
पानभर मुंग्या चालत गेल्यासारखी.

वाटावं, की अख्ख्या लष्करात
सुईणी वर्षातून एकाच दिवशी कामावर येत.

खरं इतकंच, की शाळा एक जुलैला उघडायची
आणि लघाटे मास्तर टेबलाशी बसून विचारायचे,
"कधीचा हा?"
आई सांगायची, मेळ्यात मोठा पाळणा आला ना, त्या थंडीतला.
बाप सांगायचा, मिलचा भोंगा बंद होता तेव्हाचा.
कुणी म्हणायचं, याच्या आधीची दोन गेली,
त्यानंतर हा.
मास्तर सगळं ऐकून घ्यायचे.
मग पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन
डावा कान धरायला लावायचे.
बोटं पोचली की सहा वर्षं पूर्ण.
टाक दौतीत, आणि एक जुलै.

माझाही कान तिथलाच.

मी इथला बाबू. एकतीस वर्षं झाली.
माझ्याकडे कुणी शिकायला येत नाही,
शिकून पन्नास वर्षं झाली की येतात.
पेन्शन अडलेली असते, आधारवरचं साल जुळत नसतं.
खिडकीशी उभे राहून पत्ता सांगतात,
दौलतगंज, माधोगंज,
ती गल्ली, जिथे आता नुसती मोबाइलची कव्हरं लटकतात.
मराठीत सुरू करतात, दुसऱ्या वाक्याला हिंदीत घसरतात.
मीही घसरतो. उतारच आहे इथे.
मातृभाषेच्या रकान्यातही तेच:
मराठी, खाली टिंबं, टिंबं, टिंबं,
मग एका पानावर कुणी हिंदी लिहिलं
आणि पुढची टिंबं हिंदीची झाली.
टिंबाचं काय, वर जे असेल ते.

परवा हरप्यारी कोरी आली. वय...
त्यासाठीच तर आली होती.
सोबत सून, सुनेच्या हातात मिठाईच्या दुकानाची पिशवी,
पिशवीत सरकारचे सगळे कागद.
रजिस्टर क्रमांक चार. पान सापडलं, ओळ सापडली.
शाळा सोडल्याचं कारण: लग्न.
जन्मतारीख: तीन फेब्रुवारी.

मी चष्मा पुसून पाहिलं.
वर एक जुलै, खाली एक जुलै,
मधे ही तीन फेब्रुवारी,
अक्षर तेच, फक्त जरा सावकाश काढलेलं.

"ही खरी?"
"माँ दाई थी, बाबूजी. उसे सबकी याद थी."

मग तिनंच सांगितलं, की त्या दिवशी
आईनं रांगेतल्या इतर पोरांच्याही तारखा धडाधड सांगितल्या,
हा पोळ्याचा, ही ग्रहणाच्या रात्रीची,
तो शितोळ्यांचा पायाळू, मंगळवार होता.
मास्तर हसले. टीपकागद दाबत म्हणाले,
बाई, आता शाई वाळली.

दाखला लिहिला. शिक्का मारला. सही आणून दिली.
ती निघाली तेव्हा न राहवून विचारलं,
सराफ्याच्या मागे, विहिरीजवळ, फाटकांकडे
येत होती का तुझी आई?
ती दारात थांबली.
"वो नीम वाला घर? हाँ, आती थी."
जरा वेळ आठवत राहिली.
"पर तारीख मुझे नहीं बताई."

येत्या तीस जूनला मी रिटायर होतोय,
मास्तरांच्या हिशेबानं.
शिपाई जगदीश विचारत होता, हार किती सांगू?
चार सांग, म्हटलं. विज्ञानाचे भदौरिया सर,
पी.टी.चे मास्तर, लायब्ररीतल्या लेले बाई आणि मी.
सगळे इथलेच.